गारबुवांची थंड शक्ती

"लावा हात! घाबरता काय? लावा!"

गारबुवा ओरडत होते आणि चाळीस-पन्नास जाणती माणसं पाळीपाळीनं एका पिवळ्या गाडीच्या इंजिनाला हात लावून येत होती. जो तो परत येऊन डोळे मोठे करून सांगायचा, "खरंच गार आहे हो!"

त्या जुन्या धावपट्टीवर विमानं उतरणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आता रविवारी सकाळी हौशी मंडळी आपापल्या वेगवान गाड्या घेऊन तिथे जमायची आणि चारशे मीटर पळवून वेळ मोजायची. गेले तीन महिने मात्र गाड्यांपेक्षा गारबुवांभोवतीच गर्दी जास्त. हे नाव मीच ठेवलेलं. चिडवायला ठेवलं, पण ते इतकं चिकटलं की त्यांचे भक्तही तेच म्हणू लागले.

माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, म्हणून थर्मोस्टॅट म्हणजे काय ते आधी सांगतो. इंजिनाभोवती पाणी खेळत असतं. तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये जातं, निवतं, परत येतं. त्या वाटेवर एक छोटंसं दार असतं आणि दाराला मेण भरलेली एक डबी. पाणी थंड असेपर्यंत दार बंद. ठरलेल्या तापमानाला मेण फुगतं आणि दार उघडतं. बस्स, एवढाच कारभार. कंपनीचं दार अठ्ठ्याऐंशी अंशांना उघडतं. गारबुवांचं उघडायचं सत्तरला. त्याला निळा रंग दिलेला, डबा निळा, आणि डब्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं: 'थंड शक्ती'.

"तुम्हाला ताप आला तर तुम्ही पळता का?" गारबुवा विचारायचे.

"नाही!" गर्दी म्हणायची.

"मग तापलेलं इंजिन कसं पळेल? कंपनीनं तुमच्या इंजिनात पंधरा घोडे कोंडून ठेवलेत, पंधरा! मी फक्त कडी काढतो."

पुढे प्रयोग. भक्ताची गाडी पळवायची, वेळ फळ्यावर लिहायची. मग गाडी ताडपत्रीच्या तंबूत. तासाभरानं निळं दार बसवून बाहेर, आणि पुन्हा पळवायची. दुसरी वेळ हमखास कमी. टाळ्यांचा कडकडाट.

माझा दादा त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता. दादा पुलांचे आराखडे तपासतो. दुसऱ्याच्या आकड्यात चूक सापडल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नाही. पण त्याची लाल गाडी म्हटली की अक्कल घरी ठेवून निघायचा. त्या गाडीचं इंजिन मिस्त्रींनी दोन वर्षं खपून बांधलेलं, आणि मिस्त्री त्याचे वीस वर्षांपासूनचे मित्र. एक दिवस दादा निळा डबा घेऊन त्यांच्या गॅरेजात गेला. मीही बरोबर होतो.

"हे मी बसवणार नाही," मिस्त्री म्हणाले. "इंजिनाला ठरलेली ऊब लागते."

"बुवा म्हणतात तेच खरं मग. तुम्हीच माझं इंजिन तापवून ठेवलंय."

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. "त्यांच्याकडेच न्या," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवली.

दादा तेवढ्यावर थांबला नाही. पुढच्या रविवारी त्यानं हे सगळं धावपट्टीवर पन्नास जणांसमोर सांगितलं, तेही मिस्त्रींचा उल्लेख करून. महिन्याभरात मिस्त्रींच्या गॅरेजात शुकशुकाट झाला. माणूस बोलून दाखवणारा नव्हता, पण माझ्या दुकानावरून जाताना मान खाली घालून जाऊ लागला.

हे मी वहिनींना सांगितलं. वहिनी वजनमापे खात्यात तपासनीस आहेत. तराजूवाल्याच्या बोलण्याकडे नाही, काट्याकडे बघायचं, ही त्यांची सवय. त्या घडीची खुर्ची आणि वही घेऊन एक अख्खा रविवार धावपट्टीवर बसून आल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "भावोजी, पहिल्या फेरीआधी गाडी कुठे उभी असते?"

"उन्हात. बॉनेट बंद, इंजिन चालू. पाव तास. इंजिन नीट गरम व्हायला हवं, असं बुवा सांगतात."

"आणि दुसऱ्या फेरीआधी?"

"तंबूत. सावलीला, बॉनेट उघडं, इंजिन बंद. एक तास."

"हं," म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे दादाच्या गाडीचा साधा, कंपनीचा थर्मोस्टॅट मागितला. मी दिला. कशाला, ते सांगेनात.

पुढच्या रविवारी दादाची पाळी होती. पहिली फेरी झाली: सोळा सेकंद आणि चार दशांश. दादानं आपला निळा डबा बुवांच्या हातात दिला. बुवांनी तो कपाळाच्या उंचीवर धरून सगळ्यांना दाखवला आणि गाडी तंबूत नेली. तासाभरानं बाहेर आले ते घाम पुसत, हसत. दुसरी फेरी: पंधरा सेकंद आणि नऊ दशांश!

गर्दी नाचायचीच बाकी होती. दादा गाडीतून उतरला तो डोळ्यांत पाणी घेऊन. "काय ओढते! काय ओढते! वेगळीच गाडी वाटते!"

"आवाज ऐकलात ना?" बुवा म्हणाले. "घोडे मोकळे झाल्याचा आवाज आहे तो!"

वहिनी खुर्चीतून उठल्या. "बुवा, अजून एक फेरी करू या. पण पहिल्या फेरीसारखी. पाव तास उन्हात, बॉनेट बंद, इंजिन चालू."

"त्याची काही गरज नाही, ताई."

"मग बिघडतं काय? घोडे मोकळेच आहेत ना?"

लोक हसले. "होऊन जाऊ द्या!" कुणीतरी ओरडलं. आता बुवांना नाही म्हणता येईना. पाव तास गाडी उन्हात धडधडत उभी राहिली, मग दादानं ती पळवली. सोळा सेकंद आणि चार दशांश.

आकडा फळ्यावर चढला. बुवा सावरून म्हणाले, "नवीन दार आहे. रुळायला थोडा वेळ लागतो. आठ दिवसांत बघा."

"रुळणार कुठून?" वहिनींनी पर्स उघडली. "तुमचं दार इथे आहे. मघाशी तुम्ही गाडीत बसवलंत ते कंपनीचं साधं दार. काल मी त्याला निळं नेलपॉलिश लावलं आणि तुमच्या डब्यात ठेवलं. खोटं वाटत असेल तर उघडून बघा."

बुवांना उघडावंच लागलं. अर्धा तास लागला, पण एकही माणूस जागचा हलला नाही. दार बाहेर आलं तेव्हा गरम पाण्यानं नेलपॉलिशचे पोपडे निघाले होते आणि खाली छापलेला आकडा स्वच्छ दिसत होता: अठ्ठ्याऐंशी.

"मग गाडी पळाली कशानं?" पिवळ्या गाडीचे मालक, आमचे दातांचे डॉक्टर, यांनी विचारलं.

"विश्रांतीनं," वहिनी म्हणाल्या. "उन्हात बॉनेट बंद करून ठेवलेली गाडी आतून भाजून निघते. इंजिन तीच तापलेली हवा आत ओढतं, आणि तापलेल्या हवेत दम कमी. तासभर सावलीत निवली की कुठलीही गाडी जोरात पळते. दार बदला, नाहीतर काचेवरचा वायपर बदला."

तिथल्या कँटीनवाल्याचा स्टोव्ह मागून त्यांनी पाण्याचं भांडं चढवलं, दोन्ही दारं दोऱ्यानं त्यात सोडली आणि तापमापक धरला. सत्तरला बुवांचं दार किलकिलं झालं. अठ्ठ्याऐंशीला कंपनीचं. पाणी उकळायला आलं तेव्हा दोन्ही दारं सताड उघडी होती, अगदी सारखीच.

"गाडी जिवाच्या आकांतानं पळते तेव्हा दोन्ही दारं अशीच पूर्ण उघडी असतात," वहिनी म्हणाल्या. "तिथून पुढे इंजिन किती थंड राहणार ते रेडिएटर आणि पंखा ठरवतात. दार लवकर उघडलं म्हणून मोठं होत नाही."

"भांडं म्हणजे इंजिन नव्हे!" बुवा कडाडले.

"नव्हेच. म्हणून तर आधी इंजिनावर करून दाखवलं."

डॉक्टर काळजीत पडले. तीन महिने त्यांच्या गाडीत खरंखुरं निळं दार होतं. मी त्यांच्या इंजिनाचं तेलाचं झाकण फिरवून काढलं. आतल्या बाजूला पिवळट लोण्यासारखा थर. घर ते दवाखाना एवढ्याशा फेऱ्यांत इंजिन कधी धड तापलंच नव्हतं, म्हणून तेलातली ओल उडून गेली नव्हती. गाडीतल्या संगणकालाही वाटत राहिलं की इंजिन अजून गरम व्हायचंय, आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहिला.

"तरीच मेली इतकं पीत होती!" डॉक्टर म्हणाले.

बुवांनी कंपनीचं दार दादाच्या गाडीत परत बसवून दिलं आणि आवराआवर केली. जाताना चारपाच जण तरी त्यांच्याकडून डबे घेऊन गेलेच. त्याला काय करणार?

घरी जाताना दादानं गाडी मोठ्या रस्त्याला लावली. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस? सगळ्यांसमोर माझी शोभा झाली."

"सांगितलं असतं तर तुमच्या पायालाही कळलं असतं," वहिनी म्हणाल्या. "ॲक्सिलरेटर तुमच्याच पायाखाली होता. मग फेरी खरी झाली नसती."

"पण मला खरंच वाटलं गं, जास्त ओढते म्हणून."

"ओढतच होती. तुम्ही खोटं नव्हता बोलत. फक्त कारण चुकीचं धरलं होतंत."

सोमवारी सकाळी दादा मिस्त्रींच्या गॅरेजात गेला. मिस्त्री एका जुन्या गाडीखाली आडवे झाले होते. बाहेर आले नाहीत.

"मिस्त्री, चुकलो मी."

पान्याचा आवाज थांबला. "लोकांसमोर बोलला होतात."

"लोकांसमोरच परत घेतो. रविवारी या."

दादाला वाटलं नव्हतं, पण मिस्त्री आले. गर्दीच्या मागे, हाताची घडी घालून उभे राहिले. दादा एका लाकडी खोक्यावर चढला आणि घसा खाकरून म्हणाला, "मी दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासतो, तरी फसलो. कारण मला फसायचंच होतं. मिस्त्री खरं सांगत होते आणि मी त्यांना बदनाम केलं. याच जागी माफी मागतो. खऱ्या शर्यतीच्या इंजिनाचं सगळं गणित नव्यानं बसवलं तर असल्या दाराचा थोडाफार उपयोग होतो, हे मिस्त्रीच मला पूर्वी सांगायचे. पण ते काम मोजून करायचं असतं, टाळ्यांवर नाही. तेव्हा एवढंच करा. कुणी आधीचं आणि नंतरचं दाखवलं, की मधे आणखी काय काय बदललं ते विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते मोजणाऱ्याला कळू देऊ नका. ज्याचं खरं असेल तो चिडणार नाही. आपलं डोकं आपणच वापरायचं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही."

टाळ्या पडल्या, पण बेतानंच. गर्दीतून वाट काढत मिस्त्री पुढे आले. दादा खोक्यावरून उतरला.

"बोलून झालं असेल तर बॉनेट उघडा," मिस्त्री म्हणाले. "त्या माणसानं बोल्ट कसे आवळलेत, बघायला हवं."