कडत्याचा गोटा

मी एक जुना, काळा गोटा आहे. अरुणावती नदीच्या पाण्याने मला घासून गुळगुळीत केले आणि आर्णीजवळच्या पुंडलिकरावांच्या शेतात मी चुलीचा एक पाय झालो. कापूस वेचणाऱ्या बाया माझ्यावर चहा उकळीत. 'हा गोटा तडकत नाही' म्हणून माझे कौतुक करीत. तोच मी आज गावात 'चोरीचा गोटा' म्हणून ओळखला जातो. मित्रांनो, ही ओळख मला मान्य नाही.

पौषात कापूस दंवाने ओला असे. तेव्हा पुंडलिकराव काट्यावर प्रत्येक गाठोड्यामागे किलोभर वजन वजा करीत. त्याला कडता म्हणत. वेचणीची मजुरी वजनावर, म्हणजे कडता बायांच्याच कष्टातून जाई. तरी एकीनेही कुरकुर केली नाही, कारण ओल खरी होती. पुढे फाल्गुन आला, दंव सरले. कडता मात्र राहिला.

"भाऊ, आता कायचा कडता? कापूस पापडावानी वायला," कांताबाई म्हणाली. ही बाई आपल्या कापसात वाळके पानही राहू देत नसे.

"रीत हाय ते," पुंडलिकराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने मला कापसात दडवले. गाठोडे काट्याला टांगताच गाठ सुटली आणि मी सर्वांसमक्ष धपकन पडलो.

"हे काय हो, कांताबाई?"

"कडता हाय, भाऊ. तुमचा काट्यात, माहा गाठोड्यात."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पुंडलिकराव मात्र लाल झाले. "उद्यापासून येऊ नका."

"नाही येत. पण आजचं मोजा. गोटा काढून मोजा, अन् कडता न कापता मोजा."

तेव्हा एकेक बाई आपले गाठोडे घेऊन तिच्यामागे उभी राहिली. "आमचंबी तसंच मोजा. नाही तं उद्या आमीबी येत नाही."

"मोजा ना," पुंडलिकरावांच्या पत्नी बेबीताई म्हणाल्या. "बोंडं उलून राह्यली. तुम्ही वेचता काय?"

पुंडलिकरावांनी पुरे वजन धरले. दुसऱ्या दिवशी कांताबाई वेचणीला आली. तिला कोणी परत पाठवले नाही. त्यानंतर कुठल्याही गाठोड्यात गोटा निघाला नाही, आणि शोधणारे काही थोडे नव्हते.

लबाडी ती लबाडीच. तिचे समर्थन मी करीत नाही. परंतु माझ्याकडे बोट दाखवणाऱ्याने, मला कापसात कोणत्या वजाबाकीने ढकलले, हेही सांगावे. मित्रांनो, न्यायाची राखण गाठोडी उचकून होत नसते. आधी आपला काटा सरळ धरा. मग खुशाल दुसऱ्याची गाठ सोडा.