पावसाच्या पाण्यावरची अळंबी

क्लेमच्या घरात पावसाचं पाणी फक्त प्यायला आणि चहाला. बाकी सगळ्याला बोअरचं खारट पाणी. हा नियम त्याच्या बायकोचा, लॉरेलचा, आणि ती वारल्यावर तर तो काळ्या दगडावरची रेघच झाला. पावसाच्या पाण्याची टाकी शेवटची भरली तेव्हा लॉरेल होती. त्यानंतर पाऊस नाही. क्लेम रोज सकाळी पत्र्यावर टिचकी मारून पाणी कुठवर उतरलं ते बघायचा.

त्याची दहा वर्षांची मुलगी मर्ना दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओवरच्या शाळेत शिकायची. सगळ्यात जवळचं घर नव्वद मैलांवर, आणि वर्गातली मुलं म्हणजे तिला नुसते आवाज. या सत्रात टपालानं सगळ्यांना अळंबीचं बियाणं आलं होतं. दोन पेट्या, सारखा पेंढा, सारखा अंधार. फरक ठेवायचा तो एकाच गोष्टीचा.

"बाबा, एकीला बोअरचं पाणी, एकीला टाकीतलं. रोज एकच मग."

"टाकीतलं? बुरशीला? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"मग फरक कशाचा ठेवू?"

"एक खाटेवर ठेव, एक खाटेखाली," म्हणून हा गुरांकडे चालता झाला. शब्दांच्या बाबतीतही या गृहस्थाची तोटी कायम घट्ट!

तीन आठवड्यांनी क्लेम मांस टांगायच्या गार खोलीत गेला, तर कोपऱ्यात दोन पेट्या. एकीतला पेंढा काळा पडलेला. दुसरीत मात्र करड्या छत्र्यांचा नुसता घोस, आणि वर मर्नाच्या अक्षरात चिठ्ठी: टाकीचं पाणी. त्याचं डोकंच सणकलं.

"मर्ना! टाकीला हात कुणी लावला?"

"कुणी नाही."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

"माझ्या वाटणीचं पाणी आहे. प्यायचं."

त्यानं तिच्या हातातली बाटली हिसकावून घोट घेतला. खारट. बोअरचं, गुरं पितात ते.

"किती दिवस पितेयस हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"अगं वेडे, कशासाठी?"

"ज्याची अळंबी उगवेल त्याला शुक्रवारी रेडिओवर दहा मिनिटं बोलायला मिळणार. सगळे ऐकणार. इथं कोण ऐकतं माझं?"

क्लेमला लाज वाटली, चांगलीच वाटली. वर्षभर आपण या पोरीशी पाण्याखेरीज कशाबद्दलच बोललो नाही, हे त्याला त्या टांगलेल्या मांसाखाली उभ्या उभ्या उमगलं. त्यानं टाकीतून दोन मग भरून आणले आणि स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसला.

"बोल. आधी मला सांग."

मर्नानं पेंढा उकळण्यापासून पहिली छत्री दिसली त्या सकाळपर्यंत सगळं सांगितलं. संपल्यावर, रेडिओवर दुसऱ्याला पाळी देताना म्हणतात तसं, सवयीनं म्हणाली, "ओव्हर."

क्लेम मगातल्या पाण्याकडे बघत बसला. पण रेडिओवर शिकलेल्या पोराला माहीत असतं, ओव्हर म्हटल्यावर मध्ये बोलायचं नाही, समोरच्याचं तुटतं. म्हणून ती थांबली.

"त्या शेवटच्या पावसाआधी छपराच्या पन्हळी तुझ्या आईनं साफ केल्या होत्या," तो शेवटी म्हणाला. "ताप होता अंगात, तरी शिडीवर चढली. तिच्या हातचं आता एवढं पाणीच उरलंय, मर्ना. मला ते संपवायचं नव्हतं."

त्यानं एक मग तिच्यापुढे सरकवला.

"पी," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "ओव्हर."