नऊ चौकटींचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. मी नाव-पत्ता छापत नाही, माणसाचं पोट छापतो. नऊ चौकटींत विभागलेलं, आणि शेजारी आतड्यांसाठी आणखी चार. मला कोरणारा कारागीर हसला होता, "आता पोटाचेही शिक्के निघाले!"

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर माझी जागा होती. कर्करोग पोटभर पसरला की बाई चौकटीचौकटीत शून्य ते तीन आकडे लिहीत. बेरीज जितकी कमी, तितकी आशा जास्त. शिकाऊ डॉक्टर मला कौतुकाने उचलून बघत. मला वाटे, पुढचं सारं मलाच कळतं.

एकदा एक आजी आल्या. सोबत त्यांची लेक, कडेवर नुकतंच वर्षाचं झालेलं बाळ. बाईंनी स्कॅन पाहून आकडे मांडले, खाली 'अकरा' लिहिलं, आणि तेवढ्यात वॉर्डातून बोलावणं आलं. कागद उघडाच राहिला. लेकीने तो वाचला आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"काय लिहिलंय गं?" आजींनी विचारलं.

"काही नाही आई. त्यांच्या कामाचं आहे."

"मग तुझा चेहरा का उतरला?"

"हा झोपू देत नाही ना."

नवव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. बाई खोलीत येऊन लेकीला म्हणाल्या, "दिसलं तेवढं सगळं काढलंय."

"मग अकरा महिन्यांचं काय?"

"कुठले अकरा महिने?"

"तुम्हीच लिहिलेले. याच्या दुसऱ्या वाढदिवसाला एक महिना कमी पडतो. म्हणून शर्ट आत्ताच शिवून घेतला, आईला बघता यावा म्हणून."

बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "अगं, ते महिने नव्हेत. रोग कुठे किती पसरलाय, त्याची बेरीज आहे ती."

"मग आई किती दिवस आहे?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. बेरीज फार नाही, मागे काही उरलेलं दिसलं नाही, या दोन्ही गोष्टी चांगल्या. पण तारीख मी देऊ शकत नाही."

तीन महिन्यांनी आजी तपासणीला आल्या. बाळाच्या अंगात तोच शर्ट होता, गुडघ्यापर्यंत आलेला. आजी त्याच्या बाह्या दुमडत होत्या आणि लेक दाराकडे बघत होती, रिपोर्ट यायचा होता म्हणून.

आता ते काम संगणक करतो. मी खणात पडून आहे, शाई वाळून गेली आहे. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, कुणाच्या माणसाचा आकडा कधी तुमच्या हातून लिहिला गेला, तर कागद तसाच टाकून उठू नका. आधी खुर्ची ओढा, जवळ बसा.