रेडिएटरला विहिरीचं पाणी

झाकणाच्या आतल्या रबराला पांढरट खरपुडी धरली होती, नखानं खरवडली की भुकटी होऊन सुटणारी, आणि धर्माला ती आज पहिल्यांदाच दिसत होती. म्हणजे डोळ्यांसमोर रोजच असणार, कारण हे झाकण तो गेली दोन वर्षं रोज सकाळी सात वाजता उघडत आला होता. देवपूजेत खंड पडेल पण ह्यात नाही. चुना असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. रबर जुनं झालं की असं व्हायचंच. झाकण फडक्यानं पुसून त्यानं बाजूला ठेवलं, डब्यातलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, आणि आत जाताना पाणी जो गुडगुड आवाज करतं तो शेवटपर्यंत ऐकला. पूर्वी तांब्याभर पुरायचं. आता अख्खा डबा लागत होता… पिते बापडी, उन्हाळा आहे.

जीप पोराची, हरेशची. जुन्या मॉडेलची, उघडी, आणि मूळच्या उंचीपेक्षा वीतभर उचललेली. मोठी चाकं बसावीत, वाळूत आणि दगडधोंड्यांत पोट घासू नये म्हणून हौशी पोरं गाड्या अशा उचलून घेतात. ती उचलून आणली त्या दिवशी धर्मा ओट्यावर बसला होता. एसटीच्या डेपोत गाड्यांच्या पोटाखाली चाळीस वर्षं काढलेला माणूस, त्यानं एकदाच वाकून खाली बघितलं आणि म्हणाला, "उंटावर बसून शेळ्या हाकायच्यात का?" हरेश मान खाली घालून हसला होता. आईसारखा हसायचा तो.

आणि एकदा वाकून बघितलं तेवढ्यातच त्याला सगळं कळलं होतं, हे मात्र धर्मानं कुणाला सांगितलं नव्हतं. उचलणाऱ्यांनी केलं काय होतं, तर गाडीचा भार झेलणाऱ्या कमानपाट्यांच्या पुढच्या कड्या लांब केल्या होत्या, झालं. कडी लांब झाली की एक्सल पुढं ओणवा होतो, तो ओणवा झाला की चाकाला सरळ धरून ठेवणारा कोन जातो, आणि मग गाडी साठच्या वर गेली की स्टेरिंगला हीव भरतं. हरेशनं टायर बदलले, चाकं बॅलन्स करून आणली, कुठून कुठून महागाचे दांडे मागवले. थरथर जाईना. शेवटी एका रविवारी तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"बाबा, साठच्या वर गेलं की हात उडतात. बघा ना एकदा."

"ज्यांनी चढवली त्यांनाच विचार."

एवढंच बोलणं. वर चेष्टेचा सूरही नव्हता त्यात, असता तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात धर्मानं मागच्या पडवीत बसून पोलादाच्या दोन पाचरी घासून तयार केल्या, बोटभर लांब, एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळत्या. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये बसवल्या की एक्सल पुन्हा जागेवर. अर्ध्या दिवसाचं काम. पाचरींना ग्रीस लावून, कापडात गुंडाळून त्या त्यानं फळीवर ठेवल्या. पोरानं अजून एकदा विचारावं, एवढीच वाट बघायची होती. किती वाट बघणार, चार दिवस? आठ दिवस? पाचव्या दिवशी हरेशला ताप आला आणि अकराव्या दिवशी तो गेला. तापातच गेला, जीपचा काही संबंध नाही, कुणीही हेच सांगेल… पण पाचरी फळीवरच होत्या ना रे. मी केल्या होत्या. तुला ठाऊकच झालं नाही.

"बाबा," सून रचना दारात उभी होती, हातात चिकटपट्टी, मागे खोक्यांची रास. एक तारखेपासून ती एव्हरशाईन सिटीत राहायला जाणार होती, नोकरी तिथून जवळ. "प्रितेश पाचला येतोय. तोपर्यंत होईल ना?"

प्रितेश म्हणजे हरेशच्या जीपवाल्या मित्रांतला. जीप तो घेणार होता. रचनानं धर्माला विचारूनच ठरवलं होतं, आणि धर्माच म्हणाला होता, कर बाई तुला काय करायचं ते. सुनेत वाईट काही नव्हतं. वाईट असती तर भांडता आलं असतं.

"व्हईल," तो म्हणाला.

खरं तर काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. थरथर तशीच ठेवायची. प्रितेश चक्कर मारून आणील, हात झटकत उतरेल, म्हणेल काका, राहू दे. मग जीप इथंच, चिकूच्या झाडाखाली, आणि उद्या सकाळी सात वाजता पुन्हा झाकण, पुन्हा डबा, पुन्हा किल्ली… इंजिन सुरू झालं की घराच्या भिंतींना जो हादरा बसतो तो हरेश असतानाचाच हादरा होता. स्वयंपाकघरात बायकोची, कृष्णाबाईची भांडी किणकिणायची आणि घटकाभर घर भरल्यासारखं व्हायचं. तेवढ्यासाठी माणूस खोटं वागू शकतो. पण थरथरणारी गाडी जाणूनबुजून दुसऱ्याच्या पोराच्या हातात द्यायची, चक्करभर का होईना? धर्मानं फळीवरची गुंडाळी काढली.

दुपारी दीडपर्यंत पाचरी बसल्या. गुडघे कुरकुरले, पाठीत कळ आली, पण हातांना काम आठवत होतं. जेवायला न बसता तो जीप घेऊन निघाला, आगाशीच्या बाजाराला वळसा घालून अर्नाळ्याच्या रस्त्याला. रविवारची दुपार, रस्ता निजलेला. चाळीस. पन्नास. त्याचे हात आपोआप घट्ट झाले. साठ… काही नाही. पासष्ट. स्टेरिंग लोण्यासारखं. त्यानं एक हात सोडला, मग दुसऱ्याचीही पकड सैल केली, आणि गाडी दोरी लावल्यासारखी सरळ चालली. असं चालवायचं होतं हरेशला. अर्ध्या दिवसाचं काम. अर्धाच दिवस लागला रे… धर्माला पुढचं दिसेना, त्यानं बाहीनं डोळे पुसले, आणि पुसलेल्या डोळ्यांना काटा दिसला. इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकत होता.

बांबूंवर बोंबील वाळत घातले होते तिथं त्यानं गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं, वाफ गेली, अर्धा तास जाऊ दिला. डेपोतली शिस्त, तापलेलं झाकण कधी उघडायचं नाही. मग फडकं टाकून हळूच फिरवलं. आतलं पाणी गंजानं तांबडं झालं होतं. होसच्या सांध्यांवर तीच पांढरी खरपुडी, जाळीच्या तळाशी तीच, जिथून थेंब थेंब गळत होतं तिथं तर तिचा थरच साचला होता. चुना नव्हे हा. त्यानं करंगळी बुडवली, जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच थुंकला.

खारट.

समुद्राचा वारा असेल, बोटाला घाम असेल… पण चाळीस वर्षं ज्यानं गाड्या पाहिल्या त्याला आता स्वतःला फसवता येईना. मीठ पाण्यातून आलं होतं. पाणी विहिरीतून. आणि विहीर त्याच्या बापानं खणलेली, आगाशीतले चहावाले ज्या पाण्यासाठी हंडे घेऊन यायचे ती. हरेश वर्षातून दोनदा, गंज धरू नये म्हणून, कसलं हिरवं औषध रेडिएटरमध्ये घालायचा. धर्मा म्हणायचा, सरबत कशाला पाजतोस, आपल्या विहिरीचं पानी असताना? एसटी काय सरबतावर चालली?

साबणाला फेस येत नव्हता, तर त्यानं साबणाला नावं ठेवली होती. केळीची पानं कडेनं करपत होती, तर उन्हाला. भोवतीच्या सगळ्यांच्या विहिरी खारावल्या होत्या आणि आपली तेवढी कशी राहील, हे कधी मनात आलंच नव्हतं, की आलं होतं आणि त्यानंच त्याला दाराबाहेर उभं ठेवलं होतं? रोज सकाळी, न चुकता, मायेनं, तो जीपला मीठ पाजत होता. मी मारली तिला. उभ्या उभ्या, रोज डबाभर.

पण मग… मी पितो ते?

कारण तो नळाचं पाणी पीत नसे. आयुष्यात कधी नाही. कृष्णाबाई तांब्या भरून द्यायची तो विहिरीचाच, आणि ते पाणी गोड होतं, आज सकाळीसुद्धा. धर्मा जीपच्या पायरीवर बसला. तांदळाच्या पिंपामागे विकतच्या पाण्याचा निळा जार असतो, तो रचनासाठी. शिकलेल्या पोरींना लागतं बाटलीचं, असं तो समजत आला होता. हरेश गेल्यावर महिनाभर तो अंथरुणातून उठला नव्हता. उठला तेव्हा पाण्याचा माठ ओट्यावरून आत, जारपाशी गेलेला होता, आणि तांब्या देताना कृष्णाबाईनं त्याच्याकडे बघायचं सोडलं होतं. दोन वर्षं. एका घरात एवढं गेल्यावर आणखी विहीरही गेली, हे नवऱ्याला सांगायचं तिच्या जिवावर आलं असणार. रचनालाही ठाऊक असणार. दोघी मिळून…

कोळणीकडून पाणी मागून घेऊन, थांबत थांबत, तीसच्या वर न जाता तो घरी आला. चार वाजून गेले होते. चिकूच्या झाडाखाली जीप लावली. किल्ली काढली तरी इंजिनमधून तडतड चालूच होती.

"अवो, किती येळ," कृष्णाबाई बाहेर आली, "जेवन पन नाय तुमचं." नेहमीसारखा तिनं तांब्या पुढं केला, आणि नेहमीसारखी नजर अंगणाकडे वळवली.

त्यानं अर्धा तांब्या प्यायला. गार, गोड, आणि कसलीच चव नसलेलं पाणी. इतके दिवस ही चव नसणं आपल्याला कळलं कसं नाही? विचारता आलं असतं. एकाच प्रश्नात सगळं बाहेर आलं असतं, आणि मग ती जे दोन वर्षं एकटीनं ओढत होती ते तिच्या डोक्यावरून उतरलं असतं, की तिच्याकडे काहीच उरलं नसतं?

"पानी गोड हाय," तो म्हणाला.

असं तो कधी म्हणत नसे. कृष्णाबाईची मान वळली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं तांब्या धरलेल्या त्याच्या हाताकडे आणि मग सरळ तोंडाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. त्यानं हलकेच मान हलवली, नाही अशी की असू दे अशी, त्याचं त्यालाही कळलं नाही. ती दाराच्या चौकटीला धरून तिथंच उभी राहिली.

आतून फोनवर बोलणाऱ्या रचनाचा आवाज आला. "हो, निघालास का? हो, बाबांनी केलीय तयार."

धर्मा उरलेला अर्धा तांब्या घेऊन जीपकडे गेला. स्टेरिंग सरळ झालं होतं, ते त्यानं केलं होतं. आतली जाळी कुजली होती, तेही त्यानंच. प्रितेशला दोन्ही सांगायला हवं, एक सांगून दुसरं लपवता येणार नाही, आणि विहिरीचं नाव न घेता ते सांगायचं कसं, कृष्णाबाई ऐकत असताना? त्यानं बॉनेट उघडून झाकणावर हात ठेवला. अजून चटका बसत होता. तो हात न काढता, तांब्या छातीशी धरून, निवायची वाट बघत उभा राहिला.