बसायला शिकायचे तीन दिवस

ज्या साहेबानं एका बाईचा समुद्र सात वर्षं गिळला आणि साधी ढेकरही दिली नाही, तो आजही त्याच खुर्चीत बसतो. खोलीतला एकुलता एक पंखा त्याच्याच डोक्यावर फिरतो. त्यानं खून केला नाही, लाच खाल्ली नाही, कुणाला शिवीसुद्धा दिली नाही. नुसता 'नामंजूर' असा शिक्का मारला. शिक्क्यानं मेलेल्या माणसाचं पोस्टमॉर्टेम होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

सातव्या वर्षी तिचा अर्ज तो दोन बोटांत धरून असाच बसला होता.

"कारण, आराम?" त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "ताई, आराम हे काय कारण झालं?"

"मग काय लिहू साहेब?"

"लग्न असतं, आजारपण असतं, घरात कुणी जातं. आरामाला रजा देत बसलो तर हॉस्पिटलात उरेल कोण?"

"बेटावर जायचंय. समुद्रासमोर फ्लॅट मिळतो भाड्यानं. यांनी सगळं ठरवलंय."

"मग तीन दिवस जा की! पुढेमागे सुट्टी धरून पाच होतील. दहा कशाला?"

दहा कशाला, ते तिला पाठ होतं. पण साहेबाच्या टेबलाशी उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं.

साहेब शिक्क्याकडे हात नेता नेता म्हणाला, "आणि तुमच्याशिवाय खाली चालतं का? तुम्हीच म्हणाला होतात ना?"

तिनं मान खाली घातली. तो सवाल शिक्क्यापेक्षा जोरात बसला.

खाली म्हणजे हॉस्पिटलच्या तळघरात. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या वाफेवर निर्जंतुक करायचा विभाग. चोवीस वर्षं ती तिथं होती. सगळं हॉस्पिटल तिला वाफेवाली म्हणायचं, तोंडावर ताई. हत्यारं धुवायची, एकेका कात्रीचा सांधा उघडून उजेडात बघायचा, संच लावायचा, हिरव्या कापडात गुंडाळायचा, वर पट्टी चिकटवायची आणि मशीनमध्ये ढकलायचा. पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की "शिजलं" म्हणायचं. मशीन तिच्याहून म्हातारं. दाराचं रबर गेलं की फुसकारायचं, आणि ती पाठमोरी असतानाही ओळखायची. उन्हाळ्यात तिथं माणूस स्वतःच शिजून निघायचं. दोन्ही हातांच्या कोपरांखाली भाजल्याचे डाग होते, एकावर एक.

त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा नवरा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वाकून बसला होता. तीस वर्षं त्यानं शहराची बस चालवली, मग पाठ गेली आणि घरी बसला. लोकांना आयुष्यभर त्यांच्या स्टॉपवर उतरवलं, आपला स्टॉप काही आला नाही, असं हसत म्हणायचा. कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं बेटावरच्या फ्लॅटचा नकाशा काढला होता. खोली, पलंग, गॅलरी, गॅलरीत दोन खुर्च्या. स्वयंपाकघरही होतं, पण त्यावर लाल पेन्सिलीनं फुली.

"काय झालं?" त्यानं न बघताच विचारलं.

"काय व्हायचंय?"

"मारला शिक्का मेल्यानं?"

"मारला."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग साहेबाच्या आईबापांपासून सुरुवात करून त्याच्या खुर्चीच्या चारही पायांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. दम लागला तेव्हा थांबला. म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या वर्षी. फ्लॅटवाल्या बाईला कळवतो."

फ्लॅटवाल्या बाईला तो दर वर्षी फोन करायचा आणि तासतासभर जीव खायचा. तळमजला घेतला तर वाळू घरात येईल, दुसरा घेतला तर माझी पाठ, मग पहिला आहे का? खुर्चीचा हात कप राहण्याइतका रुंद आहे का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: गॅलरीतून समुद्र बसून दिसतो का उभं राहून? त्या बिचारीनं एकदा फोन बाजूला ठेवून कठडा मोजून आणला. बसून दिसतो म्हणाली. हा दोन दिवस असा हिंडत होता, जणू समुद्र ह्याच्या नावावर झालाय.

बघायला कुठं जायचं नाही, होडीत बसायचं नाही, कुणासाठी काही आणायचं नाही, घड्याळ न्यायचं नाही, हे त्याचे नियम. आणि दहा दिवस.

"एक जायचा, एक यायचा," तो बोटं धरून सांगायचा. "तीन दिवस तुला बसायला शिकवण्यात जातील. उरले पाच. ते खरे."

"मला बसता येत नाही? मग आत्ता काय करतेय?"

"आत्ता तू माझ्या शर्टाला बटण लावतेयस."

"मग हात काय मोकळे ठेवू?"

"तेच! तेच शिकायला तीन दिवस."

तिच्याबरोबर तळघरात काम करणारी जोडीदारीण होती. जीभ अशी की सगळे तिला कात्रीच म्हणत. ती दर वर्षी हिला फैलावर घ्यायची. "अगं बये, आराम कसलं लिहितेस? नवऱ्याचं ऑपरेशन लिही. मी माझ्या सासऱ्यांना तीनदा मारलंय अर्जात. म्हातारा अजून ठणठणीत!"

"जिभेला हाड नसतं, कागदाला असतं," वाफेवाली म्हणायची. "लिहिलेलं खरं होतं. यांच्या जिवावर मी खोटं लिहायची नाही."

कागदावर तिनं एक अक्षर खोटं लिहिलं नाही. घरी मात्र एकदा बोलली.

वर सात वर्षं म्हटलं. खरं बोलायचं तर सहा. पहिली दोन वर्षं नामंजूर झाली. तिसऱ्या वर्षी साहेब कुठल्या चांगल्या लहरीत होता देव जाणे, त्यानं सही केली. मंजूर. दहा दिवस. नवऱ्यानं बॅग माळ्यावरून काढून उन्हात ठेवली. निघायला चार दिवस राहिले असताना मोठे सर्जन तळघरात आले. चोवीस वर्षांत ते खाली आले ते तेवढंच. दारात उभं राहून म्हणाले, "ताई, तुम्ही नसलात तर संच उघडताना माझा हात थरथरेल हो."

बस, एवढंच. एवढंच बोलून गेले. पण तिला इतकं गोड कुणी कधी बोललं नव्हतं. तिनं हात पुसले, जिना चढून वर गेली आणि साहेबाला म्हणाली, "रजा राहू द्या. माझ्याशिवाय खाली चालायचं नाही." कुणी मागितली नव्हती, तिनं आपण होऊन परत दिली. आणि घरी येऊन म्हणाली, "साहेबानं ऐन वेळी कापली."

जेवण गार होईपर्यंत नवरा साहेबाला शिव्या देत होता. ती खाली मान घालून जेवली. नंतर सांगू, म्हणाली मनात. रजा मिळाली की गॅलरीत बसून सांगू, तिथं त्याला राग यायचा नाही. पण तिचंच वाक्य साहेबानं खिशात टाकलं होतं. पुढं दर वर्षी तो तेच काढून तिच्या तोंडावर मारायचा. फास आवळणारा हात त्याचा होता, दोर तिनं वळून दिला होता.

सातव्या वर्षीच्या नकारानंतर चार महिन्यांनी नवऱ्याला जिना चढता येईना. मग झोपून श्वास घेता येईना. हृदय थकलंय म्हणाले. तिच्याच हॉस्पिटलात, चौथ्या मजल्यावर, खिडकीपासून तिसरी खाट.

तिनं अर्ज लिहिला. कारण: पतीचे आजारपण. साहेबानं पुरता वाचलाही नाही.

"अरेरे. पंधरा कशाला, वीस घ्या ना ताई. माणुसकी आहे की नाही काही?"

एका मिनिटात सही. सात वर्षांत जे दहा जमले नाहीत, ते एका मिनिटात वीस झाले. कागद हातात घेऊन ती जिन्यात उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा आपल्या खरेपणाची किळस आली. लिहिलं असतं एकदा खोटं! लिहिलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? ते तसंही कोसळलंच.

खाटेशेजारी स्टूल होतं. दिवसभर ती त्यावर असायची. चादर ओढायची, बाटली पुसायची, शेजारच्या खाटेचं पाणी भरून द्यायची.

"हात मोकळे ठेव की," तो एकदा म्हणाला. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. "रजेवर आहेस."

"बोलू नका. दम लागतो."

"किती दिली रजा?"

"वीस."

"वीस!" त्याचे डोळे मोठे झाले. "बघ म्हणजे, मनात आणलं की देता येते हरामखोराला. तिसऱ्या वर्षी दिली असती ना, बॅगसुद्धा भरली होती... त्या वर्षीचं मी त्याला विसरणार नाही."

तिच्या ओठांवर आलं होतं. अहो, ते त्यानं नाही, मी. एवढे तर शब्द. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपला होता, परिचारिका लांब होती, वेळ यापेक्षा चांगली येणार नव्हती. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला होता. साहेबाला शिव्या घालताना त्याला जरा बरं वाटत होतं, ते तिला दिसत होतं. त्याच्या हातून तेवढी एक चैन काढून घ्यायची?

"हलकट आहे मेला," ती म्हणाली.

"अस्सा!" तो खूश होऊन म्हणाला, आणि डोळे मिटले.

बाराव्या दिवशी तो गेला. बिनकसुराच्या माणसाला अखेरपर्यंत शिव्या देत गेला, निदान त्या एका वर्षापुरत्या. उरलेले आठ दिवस लोक येण्याजाण्यात आणि कागदपत्रांत संपले. एकविसाव्या दिवशी ती कामावर आली.

तळघरात मशीन चालू होतं. कपाटात गुंडाळ्या ओळीनं रचलेल्या, पट्ट्यांवर काळ्या रेघा, तारखा कुणाच्या तरी गोल गोल अक्षरात. धुलाईकडच्या दोन बाया हिरवं कापड घडी करत होत्या. तिला बघून उठल्या.

"मीच शिकवलं," कात्री हळूच म्हणाली. आज तिच्या जिभेला धार नव्हती. "दोन दिवस लागले. बऱ्या आहेत पोरी."

"दोनच?"

"रबराचं अजून कळत नाही त्यांना," कात्री घाईनं म्हणाली. तिला समजलं होतं आपण काय बोलून बसलो ते.

वाफेवालीनं एक संच उचलला, उघडला, कात्र्यांचे सांधे उजेडात धरले. स्वच्छ होते. खोट काढायची म्हटलं तरी निघेना. ती बाहेर आली तर लिफ्टपाशी मोठे सर्जन भेटले. फोनवरून मान वर करून म्हणाले, "काय ताई, बरं चाललंय ना खाली?"

ती गेली होती हेच त्यांना माहीत नव्हतं. वीस दिवस त्यांचा हात थरथरला नव्हता.

ती जिना चढून साहेबाच्या खोलीत गेली. आत अर्ज घेऊन चार माणसं रांगेत होती. ती रांगेत थांबली नाही.

"या ताई," साहेब आवाज उतरवून म्हणाला. "वाईट झालं. खालची काळजी करू नका, काही अडलं नाही. कुणी ना कुणी मिळतंच हो."

"मिळतं?"

"मिळतंच की."

"मग सात वर्षं ते कुणी ना कुणी कुठं होतं?"

साहेबानं आधी रांगेकडे पाहिलं, मग कपाटाकडे. उठून तिची फाईल काढली, पानं उलटली, आणि बोट ठेवून म्हणाला, "उगाच आरोप नकोत. हे बघा. तिसरं वर्ष. माझी सही आहे. मंजूर. रजा तुम्हीच परत केलीत, स्वतःच्या हातानं. खोटं आहे का?"

रांगेतली माणसं तिच्याकडे बघायला लागली.

"खरं आहे," ती म्हणाली. "ते वर्ष माझं. त्याचा जाब ज्याला द्यायचा होता, त्याला मी दिला नाही, आणि आता ऐकायला तो नाही. ते मी माझ्याबरोबर नेईन. तुम्हाला त्यात वाटा नाही."

तिनं फाईल त्याच्या हातातून घेतली, ते एक पान उलटून पालथं टाकलं आणि बाकीची फाईल त्याच्यासमोर सरळ केली.

"उरलेली सहा तुमची आहेत. साठ दिवस झाले. दोन दिवसांत शिकण्यासारखं काम होतं, धुलाईच्या बाया तेव्हाही इथंच होत्या. मग का नाही दिली? ह्या लोकांनाही ऐकू दे साहेब. सांगा."