सॉसात बुडालेली टकळी

मित्रांनो, मी एक जुनी टकळी आहे, लोकर कातायची. बाभळीची बारीक काठी आणि तिला खाली लाकडाची चकती, एवढाच माझा देह. पण मला गरकन फिरवून सोडा, मग बघा माझा तोरा! जास्त बडबडणाऱ्याला लोक 'टकळी सुरू झाली' म्हणतात. तेव्हा मीही थोडी जास्त बोलले तर सांभाळून घ्या.

मला गुंडूआबांनी स्वतः तासून घडवलं. शाहूवाडीच्या डोंगरात मेंढरांमागे फिरताना ते चालता चालता माझ्यावर सूत कातायचे. त्या काळ्या सुताचं घोंगडं झालं, तेव्हा आख्ख्या वाडीनं ते हात फिरवून पाहिलं. मला कोण आनंद झाला होता! पुढे आबांनी मेंढरं विकली आणि ते कोल्हापुरात शाहूपुरीला मुलाकडे राहायला आले. उरलेल्या लोकरीच्या गाठोड्यासोबत मी माळ्यावर गेले. तिथे झुरळांशिवाय माझी विचारपूस करणारं कोणी नव्हतं. फार वाईट वाटायचं.

यंदा थंडीत घोंगड्याचा काठ उसवला. आबांचे हात आता थरथरतात, त्यांना कातता येत नाही. त्यांची सून संयोगिता दुकानातून लोकरीचा गुंडा घेऊन आली, तर म्हणाले, "इकतचं सूत माझ्या घोंगड्याला? न्हाय लावायचं!" नव्या ब्लँकेटात मात्र त्यांना झोप येईना. दिवसा नुसते पेंगत बसायचे.

संयोगिता घरीच लसूण घालून टोमॅटो सॉस करते. रस आटेपर्यंत गॅसपाशी उभं राहून ढवळत राहावं लागतं, नाहीतर तो बुडाला लागतो. एक दिवस तिनंच मला माळ्यावरून खाली काढलं.

"आबा, तुमी मेंढरांमागं चालत कातत हुतासा न्हवं? मग मी गॅसपाशी हुबं राहून कातते की!"

आबांनी खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारातच ठाण मांडलं. धागा तुटला की ओरडायचे, "आगं, वढू नगं लोकर! हळू सोड!" डाव फिरवायचा, मग मला फिरवायचं, असं तिचं सुरू झालं. मी तर हवेतच होते.

आणि मग घात झाला. गाठोड्यातल्या शेवटच्या लोकरीचं सूत माझ्यावर गुंडाळलेलं होतं. दारावरची बेल वाजली. "आले, आले!" म्हणत तिनं दाराकडे मान वळवली आणि न बघताच, डाव समजून तिनं मलाच पातेल्यात घालून ढवळलं!

सॉस वाया गेला, त्याचं तिला काही नव्हतं. सुताकडे बघून मात्र तिचे डोळे भरले. "आबा, सगळ्या सुताचं वाटोळं केलं बघा मी."

आबांनी मला हातात घेतलं. आता मी बंबात जाणार, असं मला वाटलं. पण ते खो खो हसले.

"आगं, चिखलात, लेंड्यात पडल्याली टकळी हाय ही. टोमॅटोला भिती व्हय?"

त्यांनी स्वतः रिठ्याच्या पाण्यात सूत धुतलं. ते वाळल्यावर आबांनी काठ धरला आणि संयोगितानं शिवला. घोंगडं अंगावर घेऊन आबांनी वास घेतला. "लसणाचा वास येतोय की!" म्हणाले. मग काठावरून हात फिरवत म्हणाले, "येऊ दे. आता ह्यात माझ्या सुनंचंबी सूत हाय." आणि बसल्या जागी घोरायला लागले.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कोणी पडलं असेल. त्याला पुसून शोकेसमध्ये ठेवू नका, वापरायला काढा. मी आता डावाशेजारच्या खिळ्याला असते. माझ्या काठीवरचा लाल डाग काही जात नाही. माळ्यावरच्या धुळीपेक्षा तो मला शंभरदा परवडला.