पाटावर बसवलेला फिल्टर

मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे. पाण्याचा नव्हे, त्याला घरात मान असतो! मी धुराचा फिल्टर. डोंबिवलीत वैशालीताईंचं पोळीभाजी केंद्र आहे. तिथे मोठ्या शेगडीवरच्या चिमणीच्या तोंडाशी माझा मुक्काम असतो.

एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. स्टीलच्या पट्ट्या वाकवून माझ्या अंगाला उभ्या पन्हळी पाडल्या गेल्या. कढईतला तेलकट धूर वर आला की या पन्हळींवर आपटतो. तेल मला चिकटतं, हळूहळू खालच्या डबीत ओघळतं आणि धूर पंख्याच्या ओढीने पाइपातून बाहेर जातो. सोपं वाटतं ना? एक दिवस भज्यांच्या कढईवर टांगून घ्या, म्हणजे कळेल.

दर सोमवारी केंद्र बंद असतं. त्या दिवशी टिटवाळ्याहून मालनमावशी येते आणि मला खाली उतरवते. कडकडीत पाण्यात सोडा टाकून मला बुडवते आणि ब्रशने एकेक पन्हळ घासते.

"किती खाल्लंस रे आठवडाभर? पोट नाही दुखत?" असं मला विचारते. मला फार आवडतं ते.

मावशी पूर्वी एका हॉटेलात कामाला होती. तिथल्या पाइपात साचलेल्या तेलाने पेट घेतला आणि आचारी तीन महिने दवाखान्यात पडून होता. तेव्हापासून मावशीने एकही सोमवार चुकवलेला नाही.

आमचा आचारी उत्तम तिला चिडवायचा, "मावशी, तुमचा लाडका न्हाला का?" पण मनाने तो सोन्यासारखा. गेल्या वर्षी खंडेनवमीला मावशी लेकीकडे गेली होती. हत्यारांची पूजा मांडताना उत्तम म्हणाला, "ताई, झारे-सुऱ्या दरवर्षी पुजतो आपण. या बिचाऱ्याला कोण विचारतं? मावशी बघून खूश होईल."

मला चकचकीत पुसून पाटावर बसवलं. हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर पेढा! आयुष्यात पहिल्यांदा एवढा मान मिळाला. खोटं कशाला बोलू, मी फुगून गेलो.

दसऱ्याला सकाळीच श्रीखंडपुरीची मोठी ऑर्डर होती. उत्तरपूजा दुपारी. तोवर पुजलेलं हत्यार हलवायचं नाही, हा वैशालीताईंच्या घरचा रिवाज. झारे आणि कढया दुसऱ्या होत्या. माझ्या जागी लावायला दुसरा कोणी नव्हता.

"ताई, फिल्टर लावू का?" उत्तमने विचारलं.

"राहू दे रे. एका दिवसाने काय होतंय?"

पुऱ्या तळायला लागल्या. तेलकट धूर सरळ पाइपात शिरू लागला. मी पाटावरून बघत होतो. ओरडायला तोंड नाही आणि उठायला पाय नाहीत. एवढ्यात कढईतलं तेल उतू गेलं. भडका उडाला आणि ज्वाळ मोकळ्या तोंडातून थेट पाइपात गेली. मला वाटलं, संपला आमचा उत्तम.

नेमकी मावशी आपट्याची पानं घेऊन दारात आली. तिने पानं टाकली आणि गॅसची चावी फिरवली. "पंखा बंद कर! पाणी नको टाकू, मागे हो!" असं ओरडत तिने कढईवर परात झाकली. पाइपातली आग जरा वेळ धुमसली आणि विझली. तिला खायला आत तेलच फारसं नव्हतं. इतक्या वर्षांचे सोमवार होते ना आमचे!

मावशीने उत्तमचे हात धरून उलटसुलट पाहिले. एका भुवईचे केस तेवढे जळले होते. मग ती रागावली, "माझ्या लेकरा, पूजा कर ना! पण त्याला त्याच्या जागेवरून उठवायचं नाही!" उत्तम लहान मुलासारखा रडला. वैशालीताई पाटाजवळ आल्या, मला नमस्कार केला आणि स्वतःच्या हाताने मला उचललं. पाइप पुसून होईपर्यंत शेगडी पेटली नाही. दुपारी मावशीने मला जागेवर चढवलं.

मित्रांनो, यंदा उत्तमने स्टुलावर चढून मला जागच्या जागी कुंकू लावलं. तासाभरात ते तेलात विरघळलं. तुमच्या घरीही असं कोणी असेल, दिवसभर राबणारं, कळकट झालेलं. हार घालून त्याला कोपऱ्यात बसवू नका. त्याला वेळच्या वेळी धुवा, पुसा आणि पुन्हा कामाला लावा. आम्हाला एवढीच माया पुरते.